दाराशी राहिलेलं वाक्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं ते आमचे सर, इतकी वर्षं सरांना आमच्या वाट्याला सोडणाऱ्या वहिनी, आणि समोर बसलेले सहकारी व पेशंट मित्रहो,

सकाळपासून बावन्न पेशंट तपासून इथे उभी आहे. आवाज बसलाय. एरवी माईक हाती आला की मी कुणाला ऐकत नाही, हे आपण जाणता. आज भांडायचं त्राण नाही. तरी थोडं भांडणार आहे.

सरांच्या संशोधनावर पाहुणे विद्वत्तेने बोलले. मी दवाखान्यातलं सांगते. पेशंट गुडघा दाखवतो, चिठ्ठी घेतो, उठतो आणि दाराची कडी धरून म्हणतो, "आणि हो डॉक्टर, एक राहिलंच..." ते राहिलेलं वाक्य सर लिहून ठेवत. त्या वहीला आम्ही दारवही म्हणायचो. एकोणीस वर्षं! आमच्याकडचा सहातला एक माणूस खरं दुखणं उठल्यावरच सांगतो, हे त्यातून निघालं. मग सरांनी काय करावं? पेशंटची खुर्चीच उचलून दाराजवळ नेली आणि आपलं स्टूल तिच्या शेजारी मांडलं.

काउंटरवरच्या ताई वैतागायच्या. "सर, तुम्ही दारात गप्पा मारता आणि रांग माझ्या डोक्यावर बसते!"

"ताई, खुर्चीत माणूस लाजतो हो. उठला की धीर येतो त्याला."

"मग सगळ्यांना उभंच करा की!"

मीही हसायचे. नवी होते, हुशार होते, आणि माझी रांग भराभर सरकायची.

एकदा एक शिंपीकाका कंबर दाखवायला आले. त्यांना विचारूनच हे सांगते आहे. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. जाताना म्हणाले, "डॉक्टरबाई, हल्ली दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसतात." मी पुढच्या पेशंटचा कागद उघडला होता. म्हणाले, "वय झालं काका. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ चार महिन्यांनी आली. डोळ्यातला दाब वाढत गेला होता. उजव्या डोळ्याची नजर गेली, ती गेलीच.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दारवही पुढे केली. "त्यांचं वाक्य लिही. खाली तुझं उत्तर लिही." बस्स. ते पान मला आजही उघडवत नाही.

अध्यक्ष महोदय, सोमवारपासून दवाखाना मी सांभाळायचा असं आपण ठरवलंत. आभारी आहे. सोबत परिपत्रकही आलं: पेशंटमागे सात मिनिटं, अनावश्यक नोंदी बंद. काकांना मी किती वेळ दिला होता, ठाऊक आहे? सहा मिनिटं! आपल्या नियमात मी अगदी चोख बसले असते. कुणाला अनावश्यक वाटते ही वही? एकदा काकांना विचारा. वही बंद होणार असेल, तर दवाखान्याची किल्ली दुसऱ्या कुणाला द्या. मी थकले आहे. आणखी एक डोळा मला झेपणार नाही.

आणि सर, मघाशी आत येताना आपण दाराला हात टेकून थांबलात. "विशेष काही नाही गं, पण हल्ली..." असं म्हणून एक वाक्य बोललात. ते पेशंटचं वाक्य आहे, इथे सांगणार नाही. पण इतक्या वर्षांत स्वतःचं दुखणं एकदाच सांगितलंत, तेही दाराशीच! मी लिहून घेतलंय. खाली माझं उत्तर लिहिलंय, "उद्या सकाळी आठ वाजता." वहिनी, पाठवा त्यांना. खुर्ची जागेवर असेल, घड्याळ मी उतरवून ठेवीन.

बोलू दिलंत, आभार. कुणाला लागलं असेल तर बावन्न पेशंटांकडे बघून पदरात घ्या. आणि कुणाचं काही सांगायचं राहिलंच असेल, तर जाताना भेटा. मी दाराशी उभी आहे.