यादीतला राजा आणि अंजनाबाईंचा चहा

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, शाळा समितीच्या यमुताई. माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या मुख्याध्यापिका वंदना मॅडम. माझे सहकारी शिक्षक आणि शिपाईबंधू. सक्करदऱ्यातून आणि लांबलांबून आलेले पालक, माजी विद्यार्थी. आणि दाराशी उभं राहून कार्यक्रम कधी संपतो याची वाट पाहणाऱ्या दहावी ‘ब’च्या मुलामुलींनो, सर्वांना माझा नमस्कार.

गेला तासभर माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते ऐकून मी दमलो. खरं म्हणजे आधीच दमलेलो होतो. एकतीस वर्षं एकच विषय एकाच सुरात शिकवला की माणूस दमतो, आणि हे कबूल करायला त्याला निवृत्तीचा दिवस उजाडावा लागतो. शाल आणि श्रीफळ मी आदरानं घेतलं आहे. पण टेबलावर लाल रिबिनीत बांधलेला जो गठ्ठा आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे. त्याचं प्रकाशन माझ्या भाषणानंतर ठेवलंय, म्हणून आताच बोलून घेतो.

त्या गठ्ठ्यात माझी यादी आहे. दोनशे प्रती छापल्यात, वर माझा फोटो. ज्यांना माझा वर्ग भोगावा लागला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजीत एखादं साधं क्रियापद असतं. त्याच्यामागे अप, ऑफ, इन, आउट असला चिमुकला शब्द येऊन बसतो आणि अर्थच बदलून जातो. गिव्ह म्हणजे देणं. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. गिव्ह इन म्हणजे हार पत्करणं. अशा एकशे चाळीस जोड्या मी काढल्या. प्रत्येकीला नंबर दिला, मराठी अर्थ दिला आणि एकेक वाक्य दिलं. रोज प्रार्थनेनंतर माझा वर्ग त्यातल्या दहा जोड्या सुरात म्हणायचा. परीक्षेत रिकाम्या जागा यायच्या, आणि माझ्या मुलांचे ते गुण कधी गेले नाहीत. तुम्ही मला ‘यादीवाले सर’ म्हणता हे मला ठाऊक आहे. मला ते आवडायचं.

बारा वर्षांपूर्वी नववीत नंदिनी नावाची मुलगी होती. आई अंजनाबाई लकडगंजला धान्य निवडायला जायच्या. मी एकदा नंदिनीला गिव्ह अपचं वाक्य विचारलं. यादीत वाक्य होतं, राजानं सिंहासन सोडलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “माय मदर गेव्ह अप टी.” माझ्या आईनं चहा सोडला. अंजनाबाईंना पित्ताचा त्रास होता, डॉक्टरांनी चहा बंद केला होता, आणि पोरीला घरातली ती गोष्ट इंग्रजीत सांगता आली होती. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी म्हणालो, “यादीत राजा आहे, चहा नाही. खाली बस.” वर्ग हसला. पुढे दीड वर्षात त्या मुलीनं माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. गुण तिला पूर्ण मिळाले, कारण राजा तिनं पाठ केला.

हे मी विसरूनही गेलो होतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलीची, मुग्धाची, चेन्नईहून इकडे बदली झाली. सामान ट्रकनं यायचं होतं. चार दिवस झाले, पत्ता नाही. घरात लहान बाळ, सगळे सतरंजीवर झोपलेले. मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो, तर काउंटरवर नंदिनी. तिनं चेन्नईला फोन लावला, मी इंग्रजीचा मास्तर म्हणून मानानं माझ्या हातात दिला. समोरचा गृहस्थ भरभर बोलू लागला. त्यातली जोडी न जोडी माझ्या यादीतली होती, मला नंबरसुद्धा आठवत होते. मी नंबर आठवेपर्यंत तो पुढे निघून जायचा. आता थांबा, हळू बोला, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण शिष्येसमोर लाज वाटली. मी तीनदा ‘येस’ म्हणालो आणि फोन ठेवला.

“सर, काय म्हणून राहिले होते ते?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “नाही समजलं, बेटा.”

तिनं परत फोन लावला. ट्रक हैदराबादलाच उभा ठेवून सामान पुढच्या आठवड्यात पाठवू का, असं ते विचारत होते, आणि मी तीनदा होकार दिला होता. नंदिनी पाच मिनिटं बोलली. अडखळली, एक वाक्य मोडून पुन्हा केलं, एकदा हसली. दुसऱ्या दिवशी सामान घरी आलं. मी विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, “इथंच सर. मले बी पयले नव्हतं समजत. इथं चुकलं तर समोरचा परत सांगा म्हणते. खाली बस कोणी म्हणत नाही.”

तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

घरी येताना मी विचार करत होतो. मराठीतही आपण सांगून टाक म्हणतो, सांगून पाह म्हणतो, तो सगळं सांगून बसला म्हणतो. ह्यातला फरक आपल्याला कोणत्या मास्तरानं नंबर देऊन शिकवला? घरात बोलता बोलता आला. आणि मी मात्र एकतीस वर्षं मुलांना बोलू न देता बोलणं शिकवत होतो. मला ह्याचं फार वाईट वाटतं. किती जणांना खाली बसवलं, त्याची यादी मी केलेली नाही.

म्हणून यमुताई, ती रिबीन सोडू नका. तुम्ही सगळ्यांनी खपून छापलंय, माझा उर्मटपणा वाटेल, वाटू द्या. मॅडमनी मला शनिवारचे दोन तास मानद म्हणून घ्यायला सांगितलंय. तेही मी घेणार नाही. ते नंदिनीला द्यावेत. तिला शनिवारी अर्धी सुट्टी असते. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली आणि हे तास घेशील का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “माफी राहू द्या न सर. मी घेईन तास. पण तुम्ही मागच्या बाकावर बसान का? पोरं चुकले तर मधात बोलू नका, फक्त ऐका.”

मी हो म्हणालो. ह्या वेळी काय विचारलंय ते समजून म्हणालो.

आपण सर्वांनी वेळ काढलात, मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आज बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. वर्गात झालं ते मात्र पोटात घालू नका. त्यासाठी मला फक्त मागचा बाक द्या.