खोलीचं माप

मुलगी : नीट आठवून सांगा बाबा. खोलीत मोकळी जागा किती आहे?

बाबा : सांगितलं की. रुंदीला दोन फूट, वर दोन बोटं.

विक्रेता : दोन फुटांत वजनकाटा बसेल ताई. ट्रेडमिल नाही बसायचं.

बाबा : मग राहू दे. चल.

मुलगी : चल काय? आत्ता तर आलोय. दादा, तुम्ही मशीन दाखवा. मापाचं नंतर बघू.

विक्रेता : हे कसं बोललात! या काका, इकडून या. त्या डंबेल्सवरून सांभाळून, काल एक गिऱ्हाईक धडपडलं आणि निघताना व्यायामाचं सगळं सामानच नको म्हणालं. हां, आता मला आधी एक सांगा. पळायचंय की चालायचंय?

मुलगी : चालायचंय, यांना. हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणालेत की रोज चालले नाहीत तर पुन्हा त्याच टेबलावर जावं लागेल. आणि हे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत.

बाबा : टाकतो की. दूध आणतो.

मुलगी : दूध खाली जिन्यापाशी येतं बाबा.

बाबा : जिना बाहेरच आहे.

विक्रेता : हा हा, काका वकील होते काय?

बाबा : शिंपी.

विक्रेता : वा! मग तुम्हाला कुणी माप शिकवायला नको. बघा, हे आपलं सगळ्यात भारी. चढण आहे, पंखा आहे, समोर पडद्यावर डोंगर-नदी दिसते. घरात बसून जग फिरा.

बाबा : केवढ्याला?

विक्रेता : त्या चिठ्ठीवर आहे बघा. त्यात कमी-जास्त करू.

बाबा : नाकापेक्षा मोती जड.

मुलगी : आम्हाला डोंगर नको, नदी नको. साधं, परवडणारं दाखवा.

विक्रेता : परवडणारं म्हणजे हे. बिनमोटरचं. पट्टा आपणच पायाने मागे ढकलायचा. विजेचं बिल नाही, बिघडायला काही नाही.

मुलगी : हृदयाच्या माणसाला पट्टा ढकलायला लावू?

विक्रेता : छे छे, त्यांच्यासाठी नाहीच. तुम्ही परवडणारं म्हणालात म्हणून दाखवलं. मग हे घ्या. नुसती फळी आहे म्हणा ना. चालून झालं की सरकवून द्यायचं कॉटखाली. घरात मशीन आहे हे पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही.

बाबा : कॉटखाली जायचं नाही. मधे लोखंडी दांडा आहे.

मुलगी : आणि याला धरायला काय आहे? काहीच नाही. यांना दोन्ही बाजूंना दांडे हवेत. तोल जातो.

बाबा : माझा तोल जात नाही.

मुलगी : मी आठवडाभर बघतेय ना. कपाटाकडे जाताना भिंतीला हात लावत लावत जाता.

बाबा : तोल नाही जात.

विक्रेता : नसू दे जात काका, दांडे असलेले बरे. बसमध्ये तरणी पोरंसुद्धा दांडा धरतातच की. इकडे या. हे बघा, माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

मुलगी : मग पहिल्यांदा हेच का नाही दाखवलंत?

विक्रेता : ताई, पहिलंच दाखवलेलं कुणी घेतं का? तुम्ही साडी घेता तेव्हा पहिलीच घेता? हे दुकानात दाखवायला लावलेलं मशीन आहे, म्हणून किंमत उतरलीय. मोटर चांगली, आवाज कमी. मुंगीच्या पावलाने सुरू होतं. दांडे पार इथपर्यंत. ही दोरी शर्टाला अडकवायची. माणूस मागे गेला की दोरी सुटते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. महिन्यातून एकदा पट्ट्याखाली तेल सोडायचं. शिलाई मशीनला सोडायचात ना काका, तसंच.

बाबा : हो.

मुलगी : हे बरं वाटतंय. बाबा, हात लावून बघा. पट्टा मऊ आहे.

बाबा : बरं आहे.

मुलगी : आवडलं का?

बाबा : आवडायला काय, मशीन आहे. तुला पटलं तर घे.

मुलगी : मला काय पटायचंय? मी चालणार आहे का यावर? दादा, रुंदी किती याची?

विक्रेता : अडीच फूट धरा. आणि पडलंच कुणी तर भिंतीवर आपटू नये म्हणून मागे चांगली मोकळी जागा हवी. ते मी आधी सांगतो. मागाहून लोक माझ्या नावाने बोटं मोडतात.

बाबा : मग नाही बसत. झालं.

मुलगी : असं कसं झालं? बाबा, आपलं काय ठरलंय? मशीन घरात आलं आणि तुम्ही रोज त्यावर चाललात तर तिथे राहायचं. नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याबरोबर निघायचं. रविवारी माझी गाडी आहे.

बाबा : ठरलंय. मी कुठे नाही म्हणतोय?

विक्रेता : लेकीकडे जायला काय हरकत आहे काका? लोक वाट बघतात मुलांनी न्यावं म्हणून.

बाबा : हरकत नाही. पण तिथे मी काय करू?

मुलगी : आणि इथे काय करता?

बाबा : इथे काही नाही केलं तरी चालतं.

विक्रेता : एक विचारू का? रागावू नका. पायाला काही दुखापत नाही, तुमच्या घरापुढे रस्ता असेलच. रस्त्यावर चालायला फुकट आहे. मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण विचारतो.

मुलगी : सांगा ना बाबा. सांगा त्यांना तुम्ही त्या भाजीवाल्याला काय म्हणालात.

बाबा : त्यांना कशाला ते?

मुलगी : मग मी सांगते. दादा, माझी आई गेली. फार दिवस अंथरुणाला खिळून होती. शेवटी शेवटी तर कूससुद्धा हेच बदलायचे तिची. नंतर यांचं ऑपरेशन झालं. ते झाल्यावर पहिल्यांदा फिरायला गेले, तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने विचारलं, काकू कशा आहेत? हे म्हणाले, बरी आहे. मी परवा भाजी आणायला गेले, तर त्याने आईसाठी म्हणून संत्री दिली. पैसे घेईना.

विक्रेता : अरेरे.

बाबा : तो वजन करत होता. मागे चार माणसं उभी. त्याला सांगायचं, मग तो हातातलं सोडून विचारणार, कधी, कसं. उगाच त्याचा खोळंबा. बरी आहे म्हटलं की संपतं.

मुलगी : आणि आता तो रोज विचारणार, म्हणून तुम्ही बाहेरच पडत नाही.

बाबा : तोच नाही, सगळेच विचारतात. ज्यांना माहीत आहे ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी रडेन असं वाटतं त्यांना. मला रडू येत नाही, मग त्यांनाच अवघडायला होतं.

मुलगी : आलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा : कळतं मला. काही वाटायला हवं, हे कळतं. वाटत नाही, त्याला मी काय करू? भूक लागत नाही, पण वेळ झाली की जेवतो. तसंच आहे सगळं.

विक्रेता : पाणी घेता का काका? बसा जरा.

बाबा : नको. उभा ठीक आहे मी.

मुलगी : बाबा, मला एक कळत नाही. ती खोली एवढी अरुंद कशी? लहानपणी आम्ही दोघी बहिणी तिथे गाद्या टाकून झोपायचो आणि मधून तुम्ही जायचात. दोन फूट कसे उरतील?

बाबा : माप काय मनाने सांगतो मी? जन्मभर लोकांच्या छात्या आणि कंबरा मोजल्या. एकाचाही सदरा परत आला नाही. खिशात खडू आहे. काढून दाखवू का? इथे फरशीवर चालेल?

विक्रेता : काढा की. फरशी पुसायचीच आहे.

बाबा : हे बघ. हे दार. इथून ही भिंत सरळ गेली. ही खिडकी. इकडे खिडकीखाली विजेची पिन लावायची जागा. हे कपाट, दार उघडायला एवढं सोडलं. बरोबर?

मुलगी : बरोबर.

विक्रेता : काय हात आहे हो काका. पट्टी न लावता एवढी सरळ रेघ!

बाबा : आणि ही अशी कॉट. आता हे मधलं मोज. दोन फूट, वर दोन बोटं. मोज ना, टेप देऊ?

मुलगी : बाबा.

बाबा : काय?

मुलगी : ही कसली कॉट काढलीत?

बाबा : कसली म्हणजे? हिची. उशाकडून वर होणारी.

मुलगी : ती भाड्याची होती. दिली ना आपण परत.

बाबा : हो, दिली.

मुलगी : माणसं न्यायला आली तेव्हा दार तुम्ही उघडलंत. त्यांच्याकडे पाना नव्हता, तर स्क्रूसुद्धा तुम्हीच काढून दिलेत.

बाबा : दिले. आठवतंय मला.

मुलगी : मग काल माप घेतलंत तेव्हा टेपचं एक टोक कपाटाला लावलंत. दुसरं कशाला लावलंत?

बाबा : कॉटला.

मुलगी : कॉट नाहीये बाबा.

बाबा : हो, नाहीये. मग हवेतच धरलं असणार.

विक्रेता : मी जरा त्या गिऱ्हाइकाकडे बघून येतो. तुमचं चालू दे.

मुलगी : म्हणून भिंतीला धरून जाता तुम्ही. मला वाटलं तोल जातो. अख्खा आठवडा मी लांब दांड्यांची मशीनं शोधत बसले.

बाबा : सांगत होतो मी, तोल नाही जात म्हणून. सकाळी उठलो की पाय आपले कडेकडेने जातात. कॉटच्या कोपऱ्याला एकदा गुडघा लागला होता, तेव्हापासूनची सवय.

मुलगी : खोलीत शिरल्यावर ती दिसते का तुम्हाला?

बाबा : नाही ग. वेड नाही लागलेलं. मोकळी फरशी दिसते. पण त्या फरशीवर पाय पडत नाही.

मुलगी : मला का नाही सांगितलंत?

बाबा : मला तरी कुठे माहीत होतं? आत्ता खडूने काढलं तेव्हा कळलं.

मुलगी : चला माझ्याकडे. खरंच सांगते, आता रागाने नाही म्हणत. नका राहू तिथे एकटे.

बाबा : तुझ्या घरीही हे माझ्याबरोबर येईल. तुझ्या घरातल्या वस्तूंना वळसे घालत बसेन. मग तुझी मुलं विचारतील.

मुलगी : विचारू देत.

बाबा : इथे राहू दे मला. चालेन मी.

मुलगी : कुठे चालाल? रस्त्यावर भाजीवाला आणि घरात कॉट.

बाबा : कॉट नाही म्हणालीस ना? मग त्या जागेवर मशीन बसतं. पिनही तिथेच आहे, तेव्हा तिची हवेची गादी लावायला घेतली होती. त्यांना बोलाव. हे मशीन इथे आणून ठेवा म्हणावं. या चौकोनात.

मुलगी : आत्ता?

बाबा : घरी नेल्यावर मला जमलं नाही तर पैसे फुकट जातील. आत्ताच बघू.

मुलगी : दादा, जरा येता? हे मशीन इथे रेघांवर सरकवता येईल?

विक्रेता : का नाही? चाकं आहेत त्याला. सरका काका, सरका ताई. हां. अस्सं. बघा, चौकोन पुरून मागे हातभर जागा उरली. तोंड खिडकीकडे ठेवू ना?

बाबा : ठेवा. तिचंही तिकडेच असायचं.

विक्रेता : बरं. आता चढा. अहो काका, बूट का काढताय? यावर अनवाणी चालायचं नसतं, तळपाय सोलून निघतील.

बाबा : बूट घालून कसा चढू?

विक्रेता : म्हणजे काय? सगळे बूट घालूनच चढतात.

मुलगी : थांबा दादा, एक मिनिट. बाबा, तिथे गादी नाहीये. चादर नाहीये. मशीन आहे ते.

बाबा : माहीत आहे.

मुलगी : आई रागावायची नाही.

बाबा : ती कधी रागावली? पण तिची चादर रोज मी बदलायचो. बूट घालून त्या खोलीत कुणाला येऊ दिलं नाही, डॉक्टरांनासुद्धा.

मुलगी : मग राहू दे का? नको घ्यायला?



बाबा : बूट दे इकडे.

मुलगी : बसा त्या बाकावर. मी घालते. पाय वर घ्या. लेस घट्ट बांधू?

बाबा : डावी सैल ठेव. त्या पायाला सूज असते.

मुलगी : झालं. माझा हात धरा. नको? बरं, दांडा धरा.

विक्रेता : ही दोरी शर्टाला लावली. आता अगदी सगळ्यात हळू लावतो. हां, सुरू झालं. पुढे बघा काका, खाली नका बघू. चाला, घरात चालता तसं चाला. शाबास.

मुलगी : बाबा? छातीत काही वाटतंय का?

बाबा : नाही.

मुलगी : चक्कर? काही तरी?

बाबा : काही वाटत नाही.

मुलगी : बंद करायला सांगू का?

बाबा : नको. तू बस तिथे. मला वेळ लागेल.