दहाव्याचा कावळा

बर्डीच्या बसस्टॉपवर प्रेमिलाच्या पुढे रांगेत एक म्हातारं जोडपं उभं होतं. लेकीच्या दहाव्यावरून परतत होतं.

"कावळा शिवलाच नाही जी पिंडाले. तुमी काहून काही कबूल केलं नाही?"

"कावळ्याले कळते, याचा पुरावा नाही."

"अन् नाही कळत, याचा?"

"त्याचाही नाही. माहीत नसेल तिथं हो म्हणू नये, नाही म्हणू नये. आपले प्राचीन संशयवादी हेच सांगत. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं मी."

"पोरगी रडून राहिली होती. 'बाबा, मारतेत मले, जाऊ का परत सासरी?' तवा काय म्हटलं तुमी?"

"जा म्हटलं नाही."

"नको जाऊ म्हटलं?"

"तेही नाही."

"त्या कावळ्यानं तरी तोंड फिरवून 'नाही' म्हटलं."