बोट टेकवलं आणि पुस्तक मिटलं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. देव तुमच्याशी बोलायला लागला, तर त्याला बोलणं पुरं करू देता का? सगळ्यांच्या माना हलल्या! देतो म्हणता? बघू या.

शेवगावकडच्या एका खेड्यातली ही रेबेकाबाई वाघचौरे. चर्चच्या मंडळीत सगळ्यात खणखणीत गळा तिचा, आणि गाठ आली ती नेमकी गळ्यावरच! नगरच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "बाई, ऑपरेशन करून टाकू. उशीर नको."

बाई म्हणाली, "आधी वचन काढते."

वचन कसं काढतात? उपास करायचा, डोळे मिटायचे, शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, उघडायचं आणि बोट टेकवायचं. बोटाखाली येईल ती देवाची आज्ञा! हसू नका — इथल्याच एका गृहस्थानं मुलीचं लग्न ठरवताना असं बोट टेकवलं होतं. खाली काय आलं? वंशावळ! याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो... गडी म्हणाला, "घराणं मोठं आहे — होकार कळवा!"

तर रेबेकाबाईनं बोट टेकवलं. डोळे उघडले. यशयाचं पुस्तक. संदेष्टा आजारी राजाला सांगतो आहे — घराची निरवानिरव कर, तू आता वाचणार नाहीस!

बाईनं पुस्तक मिटलं.

आणि लागली की निरवानिरवीला! कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हातात. लग्नातली हिरवी साडी शेजारच्या सरूबाईला. ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर — "देवानं निकाल दिलाय. डॉक्टर काय करणार?"

नवरा, शमवेल, काकुळतीला आला. "अगं, दुसरं वचन काढ!"

"देवाला काय फेरतपासणी मागू?"

मग त्यानं गुपचूप स्वतःच काढलं. आली पडद्यांची मापं, देवाच्या तंबूच्या, निवासमंडपाच्या! धावत आला — "रेबेका, पडदे आलेत! दवाखान्यात पडदे असतात!"

"असतात. प्रेतालाही पडद्याआडच ठेवतात," बाई म्हणाली.

हसताय? त्या घरात कुणी हसत नव्हतं. गाठ वाढत होती.

सून तबीथा मात्र विचार करत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेला कंदिलाभोवती चौघं बसली — सासू, सासरे, मुलगा अमोस आणि ती. या घरची पद्धत अशी की अध्याय घ्यायचा आणि आळीपाळीनं एकेक वचन वाचायचं. तबीथा म्हणाली, "आई, आज तुमचाच अध्याय घेऊ."

"माझ्या मयताची प्रार्थना जिवंतपणीच वाचतेस होय गं?"

"सुरुवात तुम्हीच करा."

बाईनं आपलं वचन वाचलं, घुश्शातच. पुढचं शमवेलनं — राजानं भिंतीकडं तोंड फिरवलं. अमोसनं वाचलं — राजा हमसून रडला. तबीथानं वाचलं — मग देवानं संदेष्ट्याला परत पाठवलं. परत! आणि पाळी आली सासूवर. ती वाचू लागली, आणि तो खणखणीत गळा घोगरा झाला. तुझी प्रार्थना मी ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुला आणखी आयुष्य देतो...

बाई थांबली. "पण हे राजाला सांगितलंय. मला कुठं?"

तबीथा म्हणाली, "मग 'तू मरशील' हे तरी तुम्हाला कुठं सांगितलंय? तेही राजालाच! घ्यायचं तर दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही राजाला परत द्या. अर्धंच कसं घेता?"

वाचन पुढं सरकलं, आणि अध्याय संपता संपता पाळी पुन्हा सासूचीच. राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावा, म्हणजे तो बरा होईल.

"औषध?" बाई म्हणाली. "देवानं आयुष्य दिलं होतं, तरी औषध लावलं?"

शमवेल रडत रडत म्हणाला, "अगं, तेव्हा अंजीर होतं, आता नगरचा डॉक्टर आहे! चल!"

"चला," बाई म्हणाली. "किल्ल्या राहू दे गं तुझ्याकडंच. तू नीट वाचतेस."

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली! घरी येताच बाई आधी सरूबाईच्या दारात. "माझी हिरवी साडी?"

"अगं बाई! मी तर तिच्यावर ब्लाऊज शिवून घेतलं!"

"असू दे, असू दे!" आणि दोघी दारातच गळ्यात गळा घालून रडल्या आणि हसल्या.

आता एक नीट ऐका. प्रत्येकाची गाठ साधी निघते असं मी म्हणत नाही. नाही निघत. पण अध्याय अर्धा सोडून निष्कर्ष काढला, तर आपण देवाचं ऐकलं की आपल्याच भीतीचं? ते वाक्य कोणाला सांगितलं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय — एवढं बघायला काही पंडित व्हावं लागत नाही. चौघं जण, एक कंदील आणि पाळी. झालं!

मंडळी, आपल्यातही कुणीतरी एका वाक्यावर पुस्तक मिटून बसलेलं असेल. वर्षानुवर्षं घाबरून! मी नाव विचारत नाही. आज घरी जा, तेच पान काढा, शेजारी कुणाला तरी बसवा, आणि म्हणा — पुढचं वचन तू वाच.

घ्या टाळ हातात. रेबेकाबाई, मागं का बसलात? पुढं या, गळा आता मोकळा झालाय — सुरू करा!