कंदील विझला नाय

माजं माहेर वर कातळावरचं, जिथं गवतपन जीव मुठीत धरून उगवतं, आनि सासर खाली वेळणेश्वराच्या वाटेवर माडांच्या सावलीत, तर लोक म्हनायचे की बापसानं सुभद्रेला उन्हातनं सावलीत दिली, पन घोव मिळाला विहिरी खननारा, त्याचा जन्म काळोखात गेला नि त्याच्यापाठी माजापन. तुमी लिहून घेताय ना, मग लिहा, मी रडनार नाय, गोडपन बोलनार नाय, गोड बोलायला मी कोनाचं काय खाल्लेलं नाय.

शिमगा झाला की आमचं काम सुरू. नवीन विहीर खनायची नायतर जुनीतला गाळ काढायचा. घोव खाली, मी वर, आनि माजं काम कंदिलाचं. सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. उतरायच्या आधी पेटलेला कंदील दोरीनं खाली सोडायचा, पार पान्यापर्यंत, नि डोळा न हलवता बघत ऱ्हायचं. वर्षभर पडलेला पातेरा, सुका पाला, तळाला कुजतो ना, त्याचा वायू होतो, जड असतो, पान्यावर बसून ऱ्हातो, दिसत नाय. तो असला की ज्योत बारीक होते नि जाते. जिथं ज्योत जाते तिथं मानूस जातो. मग किंजळीचा टहाळा दोरीला बांधून वरखाली घुसळायचा, वरनं बादल्या ओतायच्या, परत कंदील. ज्योत टिकली की मी म्हनायचं, उतर. माज्या तोंडातनं उतर निघाल्याशिवाय माजा घोव कधी उतरला नाय, ढोसून आलेला असला तरी नाय. बाकी कशात ऐकलं नाय हां माजं, काठी होती नि माजी पाठ होती, पन विहिरीच्या काठावर मी म्हनेन तो कायदा. शेवटी तो खाटेवर मेला, पोट फुगून. माज्या कंदिलानं वाचवला नि दारूनं नेला. मला वाईट वाटलं काय म्हनून विचारू नका, खरं सांगेन नि तुमाला लिहायला लाज वाटेल.

पोरगा एकच, संतोष. काळा, बापसासारखा, पन हात उचलनारा नाय. तो लोट्याला कंपनीत होता, कंत्राटावर, कंपनीच्या बसनं पाळीला जायचा, मग कंत्राट सुटलं नि घरी आला, म्हनाला, आये, बापसाचं काम करतो. मी म्हटलं कर, कंदील हाय अजून. सून रेश्मा, ती गाळाच्या टोपल्या ओढायला यायची. दोघांचं बरं होतं, फार बरं होतं, मला बघवायचं नाय इतकं बरं होतं, कारन माज्या वाटनीला तसं कधी आलं नाय.

आता तो दिवस सांगते. एका मुंबईवाल्यानं समुद्राकडे जागा घेऊन पाहुन्यांसाठी घर बांधलं. मे महिन्यात पाहुने यायचे, नि त्याच्या जुन्या विहिरीच्या पान्याला वास यायला लागला. संतोषला बोलावलं. विजेच्या मोटारीनं पानी काढत होते नि मधेच लाइट गेली. मुंबईवाला म्हनाला, पाहुने वाटेत आहेत, थांबता येनार नाय, आनि कुठनंतरी पेट्रोलचा पंप आनला. विहीर खोल, पंप वर ठेवला तर पानी खेचेना, म्हनून विहिरीच्या आतच खालच्या टप्प्यावर ठेवायचा ठरला. मी कंदील सोडला, टिकला, म्हटलं उतर. संतोष गेला, पंप ठेवला, चालू केला, वर आला. बराच वेळ तो तिथं आत धडधडत होता. मग पेट्रोल संपलं नि आपोआप गप झाला. पानी तळाला गेलेलं.

मुंबईवाला म्हनाला चला, उतरा. मी म्हटलं थांब, मेल्या, आधी कंदील. परत सोडला, कारन नवीन वेळ म्हनजे नवीन कंदील, असंच शिकवलेलं. पेट्रोलचा वास येत होता, तो येनारच म्हटलं. ज्योत बघितली मी. देवळातल्या समईसारखी सरळ उभी होती, जरा म्हनून हलली नाय. संतोषनं विचारलं, आये, उतरू? रेश्मा शेजारीच टोपली धरून होती, तिनं ऐकलं. मी म्हटलं, उतर.

दोन टोपल्या भरून दिल्यान. मग म्हनाला डोकं जड झालंय, जरा बसतो. बसला. रेश्मानं वरनं हाक मारली, उठा की ओ. उठला नाय. नि त्याच्या बाजूला चिखलात माजा कंदील जळत होता. विझला नाय. काय सांगू तुमाला, माजं पोर आडवं पडलेलं नि त्याचं आडवं पडनं मी माज्याच कंदिलाच्या उजेडात बघत होते.

रेश्मा पायऱ्यांकडे धावली. मी तिचे केस धरले. फरफटत मागं आनली नि माडाला टेकवून तिच्यावर बसले, अशी बसले की ती चावली मला, हा बघा दातांचा वन, पन सोडली नाय. कंदील जळतोय नि पोर उठत नाय, म्हनजे मला जे काय येत होतं ते सगळं खोटं, एवढंच कळलं होतं. लोक आले. मी ओरडत होते, कोन उतरू नका, कोन उतरू नका. त्यांनी चादरी हलवल्या, टहाळे घुसळले, मग एकजन कमरेला दोरी बांधून गेला नि त्याला वर आनला.

काळा पोर माजा, पन वर आला तो गुलाबी. गाल लाल, ओठ लाल, लग्नात हळद लागली तेवापन इतका देखना दिसला नव्हता. कोनतरी म्हनाला, जित्ता हाय. रेश्मा गाडीत त्याचे गाल थोपटत गेली, हसत होती ती, बघा रंग कसा हाय म्हनाली. डॉक्टरनं नुसतं बघितलं नि मान हलवली. म्हनाला, हा रंगच त्या वायूचा असतो.

ते सगळं मला नंतर नातीनं सांगितलं, सानिका, संतोषची मुलगी, नववीला हाय. तिच्या पुस्तकात हाय म्हने. कर्ब म्हनून एक चीज असते. कोळशात तीच, कंदिलाच्या काजळीत तीच, पेन्सिलीत तीच, हिऱ्यात तीच, माडात, भातात, तुमच्या-माज्या मांसात तीच. एकच बया नि घरोघरी नांदते. पातेरा कुजला की तिचा एक वायू होतो, तोच आपन श्वासातनं बाहेर टाकतो, तो ज्योत मारतो. पन इंजिनात जळताना वारा पुरा पडला नाय की दुसरा होतो, त्याला ना रंग ना वास, तो ज्योतीला हात लावत नाय, सरळ रक्ताला धरतो नि सोडत नाय. सख्खे भाऊ दोघे. माज्या सासूला एकच माहीत होता. तिच्या वेळी विहिरीत इंजिन कोन ठेवत होतं?

मी विचारलं सानिकेला, मग माजं काय चुकलं? ती म्हनाली, आजी, तुजं काय चुकलं नाय. बरं वाटेल म्हनून सांगितलं पोरीनं. मला त्याच्यानं जास्त लागलं. चुकलं असतं तर कुठंतरी बोट ठेवता आलं असतं.

गावात म्हनतात, आईनंच उतर म्हटलं. मुंबईवाल्याचं घर चालू हाय, विहिरीचं पानी गोड लागतं म्हने, पाहुने वाखानतात. तो एकदा वाटेत भेटला तर म्हनाला, आजी, पाहुन्यांसमोर तेवढं काय बोलू नका. मी त्याच्या पायाशी थुंकले. तेवढंच माज्या हातात होतं.

आनि रेश्मा. बाराव्याला सगळे गेल्यावर ती माज्याशी एकदाच बोलली. म्हनाली, मला अडवलात, त्याला नाय. बस. तिला डॉक्टरनं समजावलं होतं की उतरली असतीस तर तूपन गेली असतीस. तिला समजलंय. समजून तिला काय करायचंय? तिला जायचं होतं.

आता असं हाय. लाइट असो नसो, दिवेलागनीला ती तो कंदील पेटवते. रॉकेल आता मिळत नाय, डिझेल घालते, धूर होतो. माज्या पानासमोर आनून ठेवते, भात वाढते नि निघून जाते. बोलत नाय. मी त्याच्याकडे बघत जेवते. सानिका म्हनते, आजी, मी उचलून ठेवते. मी म्हटलं, हात लावायचा नाय, तो तुज्या आईचा हाय.

राग धरायला मानूस जित्तं लागतं, ती जित्ती हाय. मीच ठेवलीय तिला जित्ती, तर तिचा राग मी नाय सोसायचा तर कोनी? देव तिला माज्यापेक्षा जास्त आयुष्य देवो, आनि माज्यासारखं न देवो. रातभर जळून काच काळी होते. सकाळी ती उठायच्या आधी मी चुलीतली राख घेऊन बसते, काच घासते, वात कापते, नि कंदील परत तिच्या खुंटीला लावून ठेवते.