फेरेतीची कंबर

आपिया शहरातल्या दवाखान्याच्या बाकावर म्हातारी सिएनी आपला नंबर यायची वाट बघत होती. शेजारी वेटलिफ्टर फेरेतीला त्याची बायको मेरिपा झापत होती.

"कंबर तिसऱ्यांदा धरली! दुखणं उतरलं की लगेच खांद्यावर वजनांचा बार घेतोस."

"मग पाय कसे कमावू?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना? एक पाय मागे बाकावर ठेवायचा, दुसऱ्यावर हळूहळू खाली बसायचं. हातात हलकं वजन. कंबरेवर भार नाही."

"ते पोरींचे व्यायाम आहेत."

"म्हणूनच पोरींच्या कंबरा धड आहेत."

"स्पर्धा तोंडावर आलीये गं."

"आणि माझं बाळंतपण? आठव्या महिन्यात मी वाकून तुझ्या पायात चप्पल घालते. उद्या बाळाला उचलायला शेजाऱ्यांना बोलावू का?"

सिएनीने मान दुसरीकडे वळवली.

"...कुठला पाय मागे?"

"कुठलाही ठेव, पण ठेव!"

फेरेतीने पाय बाकावर ठेवला. तो निम्मा खाली गेला, लटपटला आणि त्याने सिएनीचा खांदा पकडला.

"माफ करा, मावशी."

"धर बाबा, धर. सावकाश."

त्याच्या कपाळावर घाम आला.

"मेरिपा, तू तर हलकं वजन म्हणालीस!"

"हातात अजून काहीच नाहीये, फेरेती."