अण्णांचं बीपी आणि पाण्याचा निरोप

आमच्या अण्णांचं बीपी मिठानं नाय, राजकारणानं चढतं. शेजारचे जाधवकाका विरोधी पक्षाचे. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची रोज जुंपायची. शेवटी डॉक्टरांनीच दम भरला, "ग्रुप सोडा, नायतर गोळी वाढवतो." अण्णांनी ग्रुप सोडला. आठवड्यात बीपी उतरलं, झोपही लागायला लागली.

पण त्या साली पैठणचं धरण आटलेलं. नळाला आठ दिवसांनी पाणी, अन् पाणी सुटल्याचा निरोप त्याच ग्रुपवर. सगळ्या कॉलनीच्या टाक्या भरल्या, आमची कोरडी ठणठणीत. आंघोळीचे वांधे झाले. मग आईनंच जाधवकाकांना गळ घातली, "भाऊजी, पाणी आलं की तेवढी हाक मारत जा."

काका शब्दाचे पक्के. पुढच्या वेळी गच्चीवरून ओरडले, "अण्णा, पाणी आलंय! अन् तुमच्या साहेबांचं कालचं भाषण ऐकलं का?"

अण्णा ताडकन गच्चीवर. "तुमच्या साहेबांनी लई दिवे लावले, व्हय?"

टाकी भरून वाहायला लागली, तरी दोघं आपापल्या गच्चीवरून भांडतच होते.

महिन्यानं डॉक्टरांनी बीपी मोजलं अन् कपाळाला हात लावला. "ग्रुप तर सोडला होता ना? आता कशानं चढलं?"

आई म्हणाली, "पाणी आलं."